सुजलेला गुडघा, पोराकडची वारी आणि चुकीच्या वेळी केलेली तपासणी: लाइम रोगाचे एक प्रकरण

(रुग्ण आणि त्यांचे कुटुंब अभ्यासासाठी रचलेले आहे. रोग, तपासण्या आणि औषधे यांचे तपशील मात्र प्रत्यक्ष व्यवहारातले आहेत.)

चोपडा तालुक्यातल्या एका गावातील ५८ वर्षांच्या बाई. घरची केळी आणि कापूस, दोन बैल, एक म्हैस. डिसेंबरात त्यांचा उजवा गुडघा दोन दिवसांत टम्म फुगला. ताप नव्हता, पडणे-लागणे नव्हते, डाव्या गुडघ्याला काही नव्हते. सुजेच्या मानाने दुखणे फारच कमी होते. जिना चढता येत होता, फक्त मांडी घालून बसता येईना.

एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसली. या वयात ती कुणाच्याही गुडघ्यात दिसते, पण इथे तिच्यावरच निदान थांबले. सुईने सुमारे ५५ मिली पिवळसर, गढूळ पाणी काढले आणि त्याच सुईने सांध्यात स्टिरॉइड दिले. काढलेले पाणी प्रयोगशाळेत गेलेच नाही, आणि या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली चूक तीच. पाच आठवड्यांत सूज ओसरली. इंजेक्शन लागू पडले, असे सगळ्यांनी धरले.

मार्चमध्ये तोच गुडघा पुन्हा भरला. या वेळी रक्ताच्या तपासण्या झाल्या. चिकनगुनियाचा आयजीएम (लागणीनंतर रक्तात आधी तयार होणारे प्रतिपिंड) 'बॉर्डरलाइन' आला आणि आरए फॅक्टर (संधिवातासाठी पाहतात तो आकडा) २४, म्हणजे प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या जरा वर. पावसाळ्यानंतर सांधे धरले की चिकनगुनिया म्हणायची सवय २००६ च्या मोठ्या साथीपासून महाराष्ट्रभर रुजली आहे. पण चिकनगुनिया तापाने सुरू होतो आणि बहुधा दोन्ही बाजूंचे मनगट, बोटे, घोटे असे अनेक सांधे धरतो. बाईंना ताप आलाच नव्हता आणि सांधा एकच होता. आरए फॅक्टरचा थोडा वाढलेला आकडाही चाळिशी-पन्नाशीपुढच्या अनेक निरोगी माणसांत सापडतो. एकाच मोठ्या सांध्याच्या सुजेवर त्या आकड्याच्या भरवशाने संधिवाताचा शिक्का मारता येत नाही. तरीही दोन्ही शब्द फाइलवर चढले आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने ते वाचले.

जूनमध्ये तिसऱ्यांदा सूज आली. ७० मिली पाणी निघाले आणि या खेपेला ते नीट तपासले गेले. पांढऱ्या पेशी घनमिलीमीटरला १८,०००, त्यांतल्या ७८ टक्के न्यूट्रोफिल (दाहात वाढणाऱ्या पेशी). युरिक अॅसिडचे किंवा कॅल्शियमचे स्फटिक नाहीत. ग्रॅम स्टेन आणि कल्चरमध्ये जंतू नाहीत. सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची तपासणी) निगेटिव्ह. रक्तात अँटी-सीसीपी (संधिवाताची तपासणी) निगेटिव्ह, एएनए (ल्युपससारख्या आजारांची तपासणी) निगेटिव्ह, सीआरपी (दाहाचे माप) २१. घरात म्हैस असल्याने ब्रुसेला या गुरांकडून येणाऱ्या जंतूची तपासणीही केली, तीही निगेटिव्ह.

यातला १८,००० हा आकडा सगळ्यांत बोलका आहे. झिजेच्या गुडघ्यातले पाणी पातळ असते आणि पेशी साधारण २,००० च्या आत असतात. पू झालेल्या सांध्यात बहुतेक वेळा हा आकडा ५०,००० च्या वर जातो. १८,००० म्हणजे सांध्यात खरा दाह आहे, पण साधा पू नाही. हाच आकडा डिसेंबरात हाती आला असता तर 'झीज' हा शब्द तिथेच बाद झाला असता.

मग क्षयाचा विचार आला, आणि आपल्याकडे तो यायलाच हवा. सांध्याच्या पाण्यातले सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. शंका खरी असेल तर सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो. पण क्षयाचा गुडघा हळूहळू आणि एकाच दिशेने बिघडतो. मांडीचा स्नायू बारीक होतो, हाड विरळ दिसू लागते. पाच आठवड्यांत आपोआप उतरायचे, दोन महिने चांगले राहायचे आणि पुन्हा भरायचे, ही क्षयाची चाल नव्हे. क्षयाची औषधे 'चालू तर करून पाहू' असा सल्ला मिळाला होता. जळगावातल्या एका फिजिशियनने तो थांबवला, आणि तेही एका प्रश्नावर.

प्रश्न असा होता: "मागच्या दोन वर्षांत देशाबाहेर गेला होता का?"

यापूर्वी तीन ठिकाणी 'कुठे बाहेरगावी गेला होता का' असे विचारून झाले होते, आणि तिन्ही वेळा उत्तर 'नाही' असेच होते. बाई खोटे बोलत नव्हत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या आदल्या मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत न्यू जर्सीत थोरल्या मुलाकडे होत्या. पोराकडे जाणे म्हणजे बाहेरगाव नव्हे, ते घरच. आज खान्देशातल्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत आहेत आणि आई-वडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन येतात. तेव्हा प्रश्न याच शब्दांत विचारावा लागतो: देशाबाहेर, कोणत्या राज्यात, कोणत्या महिन्यांत, आणि घराभोवती झाडी होती का?

घरामागे झाडी होती. झाडीच्या कडेला बाईंनी मेथी आणि भरिताची वांगी लावली होती आणि रोज सकाळी त्या तिथे वाकून काम करायच्या. जूनच्या मध्यात उजव्या गुडघ्यामागे लाल चट्टा उठला. तळहाताएवढा झाला, खाजला नाही, दुखला नाही, तीन-चार आठवड्यांत मावळला. कोळी चावला असेल म्हणून मलम लावले. चावणारा किडा कुणाला दिसलाच नाही.

इथे सगळे धागे जुळतात. लाइम रोग बोरेलिया बर्गडॉर्फेरी या नागमोडी जंतूने होतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात तो इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस ही गोचीड पसरवते. रोगाला नाव मिळाले कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांमध्ये गुडघे सुजण्याची लाट आली होती, म्हणजे या रोगाची ओळखच मुळात सुजलेल्या गुडघ्यातून पटली. सर्वाधिक लागण करते ती गोचिडीची अर्धवट वाढलेली पिढी. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि मे ते जुलैमध्ये सर्वांत जास्त आढळते. बैलाच्या कानात बोटाला सहज लागणारी आपली गोचीड डोळ्यांपुढे ठेवली तर ही दिसणे शक्यच नाही.

चट्ट्याविषयी दोन गैरसमज इथेही नडले. पहिला, तो बाणाच्या लक्ष्यासारखा वर्तुळात वर्तुळ असायलाच हवा. प्रत्यक्षात बहुतेक चट्टे सरसकट लालसर असतात. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत उठतात, रोज पसरत जातात आणि ५ सेंटीमीटरपेक्षा मोठे होतात. चावल्याबरोबर त्याच दिवशी उठून दोन दिवसांत जाणारी लाली म्हणजे साधी अॅलर्जी. दुसरा गैरसमज, चट्टा दिसताच रक्त तपासावे. त्या टप्प्यात प्रतिपिंडे तयार झालेली नसतात आणि निम्म्याहून अधिक रुग्णांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. लागणीच्या प्रदेशात राहिलेल्या माणसाला असा चट्टा असेल तर निदान डोळ्यांनी करायचे आणि औषध लगेच सुरू करायचे. रिपोर्टची वाट पाहायची नाही. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी पुष्कळांचा पुढे काही महिन्यांनी मोठा सांधा सुजतो, बहुतेकदा गुडघा. चढ-उतार हा त्याचा स्वभावच आहे. जूनचा चट्टा, डिसेंबरची सूज. हिशेब बसतो.

आता तपासणीची निवड. दुसरी मोठी चूक इथेच झाली.

मुलाने तिकडून फोनवर 'लाइम' हा शब्द ऐकला आणि घरच्यांनी नेटवरून 'टिक पॅनेल' नावाचे पॅकेज मागवले. त्यात लाइमची फक्त आयजीएम एलायझा (रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी तपासणी) होती. रिपोर्ट आला 'इक्विव्होकल', म्हणजे ना हो, ना नाही. घर पुन्हा गोंधळात पडले.

चूक प्रयोगशाळेची नव्हती, प्रश्नच चुकीचा विचारला होता. आयजीएम लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसू लागते, आयजीजी, म्हणजे उशिरा येणारे पण टिकून राहणारे प्रतिपिंड, साधारण चार ते सहा आठवड्यांत. एक महिना उलटून गेला की एकट्या आयजीएमला निदानात काही किंमत राहत नाही. ती खोटी पॉझिटिव्हही येते, आणि खऱ्या रोगात जुनी होऊन निस्तेजही होते. बाईंचा आजार चौदा महिन्यांचा होता. लाइमचा सांधा असेल तर आयजीजी जोरदार पॉझिटिव्ह यायलाच हवी. ती निगेटिव्ह असेल तर गुडघा लाइमचा नाही, असे जवळपास ठामपणे म्हणता येते. या टप्प्यावर रक्ताला विचारायचा प्रश्न एवढाच: आयजीजी आहे का?

तपासणीच्या पायऱ्या दोन. पहिली एलायझा. ती निगेटिव्ह आली तर तिथेच थांबायचे. पॉझिटिव्ह किंवा इक्विव्होकल आली तरच दुसरी पायरी, इम्युनोब्लॉट, ज्याला वेस्टर्न ब्लॉट असेही म्हणतात. ब्लॉटच्या पट्टीवर जंतूची वेगवेगळी प्रथिने पसरलेली असतात आणि रुग्णाची प्रतिपिंडे ज्याला चिकटतील तिथे रेघ उमटते. अमेरिकेत १९९५ पासून चालत आलेल्या निकषानुसार आयजीजीसाठी ठरलेल्या दहांपैकी किमान पाच रेघा हव्यात. आयजीएमसाठी तीनपैकी दोन, पण पहिल्या ३० दिवसांतच. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि तपासण्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) दुसऱ्या पायरीला ब्लॉटऐवजी वेगळ्या प्रकारची एलायझा वापरायलाही मान्यता दिली. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती एकच पायरी, किंवा पहिली गाळून थेट ब्लॉट.

नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. आयजीजी आणि आयजीएम वेगवेगळे कळवता का? ब्लॉटमध्ये उमटलेल्या रेघा एकेक करून लिहून देता का, की फक्त 'पॉझिटिव्ह' लिहिता? निकाल कोणत्या निकषाने लावता? आणि किट कोणत्या जातींसाठी आहे? हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. युरोपात बोरेलिया अफझेली आणि बोरेलिया गॅरिनी यांचे प्राबल्य आहे, अमेरिकेत बर्गडॉर्फेरीचे, आणि युरोपीय किटचे निकषही वेगळे असतात. लागण न्यू जर्सीतली असेल तर फॉर्मवर 'अमेरिका, ईशान्य' असे स्पष्ट लिहावे. बाईंचा नमुना साध्या जेल ट्यूबमध्ये ५ मिली रक्त असा घेतला, सिरम वेगळे केले आणि आइस पॅकसह २ ते ८ अंश तापमानात मुंबईच्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवले.

गुडघ्यातले पाणी पीसीआरसाठीही (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठीही) पाठवायचे ठरले होते, पण तो नमुना परत आला. पाणी हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) हिरव्या झाकणाच्या नळीत भरले होते, आणि हेपरिन पीसीआरची अभिक्रियाच अडवते. पीसीआरसाठी निर्जंतुक साधी नळी किंवा ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी हवी. पुन्हा सुई घालायची का, यावर विचार झाला आणि नको असे ठरले, कारण तोवर रक्ताचा रिपोर्ट हाती आला होता: एलायझा मर्यादेच्या कित्येक पट वर, आयजीजी ब्लॉटवर दहांपैकी आठ रेघा. पीसीआरचा उपयोग रक्त पॉझिटिव्ह असूनही शंका उरते तेव्हा. रक्त निगेटिव्ह असताना एकटे पीसीआर करत बसू नये. रक्तावरचे पीसीआर तर या टप्प्यावर निरुपयोगीच, कारण जंतू रक्तातून केव्हाच नाहीसे झालेले असतात.

रेघा वाचतानाही सावध राहावे लागते. ४१ किलोडाल्टनची (हे प्रथिनाच्या वजनाचे माप) रेघ जंतूच्या शेपटीच्या प्रथिनाची आहे. शेपटीचे जंतू पुष्कळ असल्याने ती निरोगी माणसांतही उमटते. एकट्या ४१ वर कुणी 'लाइम आहे' म्हणाले तर ऐकू नये. सिफिलिस, लेप्टोस्पायरा, ल्युपस आणि संधिवात यांतही एलायझा फसते. म्हणून बाईंची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची तपासणी, केली, ती निगेटिव्ह आली. नेटवर सीडी५७, लघवीतले लाइम अँटिजेन, सूक्ष्मदर्शकातून 'जिवंत जंतू' दाखवणे असल्या तपासण्याही विकल्या जातात. त्यांपैकी एकीनेही लाइमचे निदान होत नाही. त्यांच्या आधारावर महिनोन्‌महिने प्रतिजैविके सुरू होतात. त्यात पैसा जातोच, शरीराचीही हानी होते.

त्याच घरात सप्टेंबरात दुसरी गोष्ट घडली. ती इथे सांगायलाच हवी, कारण तोच शब्द त्याच फाइलीत वेगळ्या अर्थाने आला. बाईंचा २६ वर्षांचा पुतण्या सहा दिवस तापाने फणफणला होता. डोके दुखत होते, प्लेटलेट ९५,००० पर्यंत उतरल्या होत्या, डेंग्यू आणि मलेरिया निगेटिव्ह. तो कधी देशाबाहेर गेलेला नाही. बैलांच्या गोचिडी त्याला चावतात, हे सगळ्यांना माहीत. काकूंना लाइम निघाला म्हणून घरच्यांनी त्याचीही तीच तपासणी करून घेतली, आणि रिपोर्ट आला: आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह.

कागदावर हा रिपोर्ट काकूंच्या पहिल्या रिपोर्टपेक्षा ठळक होता, तरी अर्थ शून्य. आपल्या गुरांवरच्या गोचिडी प्रामुख्याने ऱ्हिपिसेफॅलस आणि हायलोमा वंशाच्या, आणि त्या लाइम पसरवत नाहीत. भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत, त्या मुख्यतः हिमालयाच्या आणि ईशान्येच्या बाजूच्या. समजा, तालुक्याबाहेर न गेलेल्या १,००० माणसांची तपासणी केली आणि ती शंभरात पाच वेळा खोटी पॉझिटिव्ह येते. तर ५० जण पॉझिटिव्ह निघतील आणि त्यांतला खरा रुग्ण बहुधा एकही नसेल. रोग जिथे नाही तिथे चांगली तपासणीही खोटेच बोलते.

पुतण्याचे निदान अंग तपासताना झाले. कमरेच्या करदोट्याखाली साधारण ८ मिलिमीटरचा काळा, न दुखणारा खपला होता. तो स्क्रब टायफसचा. बांधावरच्या गवतातल्या माइटच्या पिल्लाने घेतलेला चावा. ती जागा स्वतःला दिसत नाही आणि डॉक्टरसमोर कपडे न काढल्याने डॉक्टरलाही दिसत नाही. काखा, जांघा, करदोटा, स्त्रियांत परकराच्या नाडीची जागा, हे सगळे पाहावेच लागते. स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह आली. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू केल्यावर ४८ तासांत ताप उतरला आणि सात दिवसांचा कोर्स पूर्ण केला.

यात एक सापळा आहे. तेच औषध लाइमवरही चालते. 'डॉक्सीने बरे वाटले, म्हणजे लाइमच होता' असे घरच्यांनी म्हटले, आणि ते कुणालाही पटेल असेच वाटते. पण डॉक्सीने बरे होणारे आजार बरेच आहेत. औषध लागू पडले म्हणून निदान सिद्ध होत नाही.

बाईंना डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, २८ दिवस दिले. ज्यांना डॉक्सी चालत नाही त्यांना अॅमॉक्सिसिलिन देतात. सलाइनमधून सेफ्ट्रिअॅक्सोन हा पहिला उपचार नव्हे. तोंडी औषधाने गुडघ्याची सूज जवळपास हललीच नाही, तरच तो. प्रतिजैविकाआधी सांध्यात पुन्हा स्टिरॉइड द्यायचे नाही, हे फाइलवर लाल शाईने लिहिले.

पहिल्या आठवड्यातच एक अडचण निघाली. बाई रोज कॅल्शियमची आणि लोहाची गोळी घेत होत्या, तीही डॉक्सीबरोबरच, सकाळी, दुधाच्या चहासोबत. कॅल्शियम आणि लोह डॉक्सीला आतड्यातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात पोचतच नाही. वेळा बदलल्या. डॉक्सी सकाळी आठला नाश्त्यानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर. चहा त्यानंतर दोन तासांनी. कॅल्शियम दुपारी, लोहाची गोळी सायंकाळी चारला. डॉक्सीची दुसरी गोळी रात्री आठला, आणि तिच्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. डॉक्सीवर असताना ऊन चटकन भाजते, म्हणून शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि डोक्यावरून पदर.

२८ दिवसांनी सूज निम्म्यावर आली होती. इथे घाबरून औषध वाढवायचे नसते. जंतू मेले तरी सांध्यातला दाह विझायला वेळ लागतो. वेदनाशामक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वाट पाहणे. तीन महिन्यांनी गुडघा पूर्ण वाकू लागला. ही निम्मी सूज तशीच राहिली असती तर तोंडी औषधाचा दुसरा कोर्स द्यायचा होता. त्यानंतरही राहिली असती तर गुडघा संधिवाततज्ज्ञाकडे सोपवायचा, कारण काही जणांत जंतू संपल्यावरही दाह सुरूच राहतो आणि त्याचा इलाज प्रतिजैविक नसतो.

डिसेंबरात घरच्यांनी विचारले, आता रक्त पुन्हा तपासून पाहायचे का? नाही. आयजीजी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकते आणि तिच्यावरून रोग गेला की राहिला हे कळत नाही.

त्या पुढच्या मेमध्ये बाई पुन्हा मुलाकडे जाणार आहेत. एकदा लाइम झाला म्हणजे पुन्हा होत नाही असे नाही, आणि पुढच्या खेपेला रक्ताची तपासणी त्यांच्या बाबतीत फारशी कामाची उरणार नाही. म्हणून फाइलीत मराठीत एक कागद लावून दिला आहे. झाडीकडे जाताना सलवार मोज्यांत खोचायची, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक लावायचे, सायंकाळी अंघोळ करून गुडघ्यामागची, कमरेची, काखेची आणि केसांतली जागा सुनेकडून पाहून घ्यायची. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तंबाखू, काडीचा चटका असले काही नाही. ती ३६ तास किंवा जास्त चिकटली असेल आणि काढून ७२ तास झाले नसतील, तर तिथल्या डॉक्टरांना डॉक्सीच्या २०० मिग्रॅच्या एका डोसबद्दल विचारायचे. आणि लाल चट्टा उठलाच तर त्याच्याशेजारी एक नाणे ठेवून रोज फोटो काढायचा, तारखेसकट.